पुली सगळ्यात शेवटी: सुपरचार्जरवाल्या मसल कारचे घोडे वाढवताना

गेल्या उन्हाळ्यात जयसिंगपूरचा एक पोरगा पांढरी मस्टँग घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या शेडसमोर थांबला. गाडी सेकंडहँड, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, आणि त्यावर आधीच्या मालकानं बसवून घेतलेला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा ब्लोअर. शेजारच्या सीटवर बबल पॅकमध्ये गुंडाळलेली एक छोटी पुली होती. देवळात न्यायच्या नारळासारखी जपून ठेवलेली.

"मिस्त्री, एवढी पुली बदलून द्या की. साठ-सत्तर घोडे वाढतात म्हणं."

"आत्ता किती आहेत?"

त्याला माहीत नव्हतं. ही मस्टँग जीटी २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा कंपनीचा आकडा ४०१ पीएस (घोडे मोजायचं एक माप) होता, एवढं त्याला पाठ होतं. पण ते सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाचं. वर ब्लोअर बसल्यावर किती झाले, ते कुणी मोजलेलंच नव्हतं. मी पुली फळीवर ठेवली आणि म्हटलं, हिची पाळी शेवटी.

नव्यानं या नादाला लागलेल्यांसाठी तोच क्रम इथं लिहितोय. आपल्या भागात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पण परदेशात राहणारी आपली पोरं तिकडं अशा गाड्या घेतात आणि रात्री-अपरात्री फोन करून विचारतात. माझा एक भाचा मिशिगनमध्ये आहे, त्याच्याकडे हेलकॅट इंजिनाची, म्हणजे कंपनीनंच सुपरचार्जर दिलेली, डॉज चॅलेंजर आहे. त्यामुळे दोन्हीकडचं लिहितो.

कागदांचं आधी उरकून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं बॉनेट उघडलं, तर पुढचं मी सांगायला नको. तेव्हा गाडी रस्त्यावर चालवायची की फक्त ट्रॅकवर आणि ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर), हे पहिल्या दिवशी ठरवा. तावडे हॉटेलपासून कागलपर्यंतचा हायवे म्हणजे ड्रॅग स्ट्रिप नव्हे. रात्री दोन वाजतासुद्धा नव्हे, त्या वेळी तिथं दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात.

हे यंत्र करतं काय

इंजिनाला पेट्रोल कितीही पाजता येतं, अडतं ते हवेवर. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सुपरचार्जर म्हणजे क्रँकवरच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या) पट्ट्यानं फिरणारा हवेचा पंप. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, मग तेवढं जास्त पेट्रोल टाकता येतं. पट्टा ब्लोअरच्या ज्या पुलीवरून जातो ती छोटी केली की ब्लोअर जास्त वेगानं फिरतो आणि हवा आणखी वाढते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम केलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. कुपोला भट्टीला हवा मारणारा ब्लोअर त्यांनी पाहिलेला असतो. रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर त्याच घराण्यातला. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार जन्मालाही आलेली नव्हती. आधी तो भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायचा. इंजिनावर चढला तो नंतर.

आज तीन प्रकार दिसतात. रूट्स आणि ट्विन-स्क्रू हे दोन्ही इंजिनाच्या डोक्यावर व्हीच्या मध्ये बसतात आणि कमी आरपीएमलाच जोर देतात. तिसरा सेंट्रिफ्युगल. तो पट्ट्यावर फिरणाऱ्या टर्बोसारखा दिसतो, बाजूला बसतो आणि वरच्या आरपीएमला खुलतो. तुमच्याकडे कुठला आहे ते बघून घ्या, कारण पुलीचा हिशेब आणि उष्णतेचं दुखणं प्रत्येकाचं वेगळं.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. बूस्टचा काटा ताकद दाखवत नाही. ब्लोअरनं ढकललेली, पण इंजिनात अजून न शिरलेली हवा वाटेत तुंबते, त्या तुंबण्याचा दाब तो दाखवतो. हेड आणि एक्झॉस्ट मोकळे केले की कित्येकदा बूस्ट एक पीएसआय (दर चौरस इंचावरचे पौंड, दाबाचं माप) उतरतो आणि घोडे वाढतात. काटा उतरला म्हणून घाबरून फोन करणारे मी पाहिलेत.

दुसरं, आपली उंची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं वर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब १४.७ पीएसआय, तर इथं १३.७ च्या आसपास. ब्लोअर आत घेतलेल्या हवेला ठरावीक पटीनंच दाबतो, त्यामुळे मुंबईत १० दाखवणारा काटा इथं सव्वानऊवर थांबतो. गाडीत बिघाड नसतो. तेव्हा इंटरनेटवरच्या कुणाच्या आकड्याशी आपला आकडा ताडून रडत बसू नका.

पहिलं काम: इंजिनाची तब्येत

दमेकरी इंजिनावर बूस्ट चढवला की इंजिन उतरवायची वेळ येते. म्हणून आधी आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) आणि लीक-डाऊन (तो दाब किती गळतो) तपासा. आकडा किती यावा यापेक्षा आठही एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एखादा बाजूला पडला तर तिथंच थांबा आणि कारण शोधा.

मग पट्टा. सुपरचार्जरचा पट्टा चकाकत असेल किंवा टेन्शनरच्या (पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाच्या) आसपास काळी रबराची पूड पडली असेल, तर तो घसरतोय. लॉगमध्ये, म्हणजे गाडी पळताना कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या आकड्यांत, हे लगेच सापडतं: बूस्ट पाच हजार आरपीएमपर्यंत चढतो आणि पुढं वाढायच्या ऐवजी खाली येतो. असा पट्टा असताना छोटी पुली घातली, तर तो जास्तच घसरणार, कारण पुलीला धरायला जागा आणखी कमी मिळते.

क्रँककेसमधून इनटेकमध्ये येणारी तेलाची वाफही बघा. थ्रॉटल बॉडीच्या मागे बोट फिरवल्यावर तेल लागलं तर कॅच कॅन (ते तेल अडवणारा डबा) बसवा. हवेत तेल मिसळलं की मिश्रणाचं ऑक्टेन उतरतं आणि नॉकिंगला, म्हणजे ज्योत पोचायच्या आधीच मिश्रण आपोआप भडकण्याला, आमंत्रण मिळतं.

तुमचं इंजिन मुळात कशासाठी बनलं होतं, हाही तब्येतीचाच भाग. २००३ ची मस्टँग कोब्रा कंपनीतूनच सुपरचार्जर घेऊन आली होती: ४.६ लिटर, ३९० हॉर्सपॉवर, आत फोर्ज्ड (घडवलेले, मजबूत) रॉड-पिस्टन आणि कॉम्प्रेशन फक्त ८.५ ला १ (पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो ते; जितकं जास्त तितकी नॉकिंगची भीती जास्त). त्यामुळे पुली बदलणाऱ्यांची ती लाडकी. भाच्याच्या हेलकॅटचं कॉम्प्रेशन ९.५ ला १. आणि भारतात आलेली आपली मस्टँग? ११ ला १. ती सुपरचार्जरसाठी बनलेलीच नव्हती, वरून बसवलाय. अशा इंजिनावर प्रत्येक पीएसआय मोजून घ्यायचा असतो. अमेरिकेत कोब्रावाल्यानं जे केलं ते पाहून आपण तसंच करायचं नसतं.

दुसरं काम: मोजणी

डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) गाडी चढवल्याशिवाय एक नट हलवू नका. डायनो चाकावरची ताकद दाखवतो, कंपनी इंजिनाची सांगते. मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल १५ टक्क्यांच्या आसपास खातात. शिवाय पीएस आणि हॉर्सपॉवर हे दोन वेगळे माप आहेत. ४०१ पीएस म्हणजे ३९५ हॉर्सपॉवर. तुलना नेहमी त्याच डायनोवर आणि त्याच मापात करा.

लागोपाठ तीन रन (पूर्ण थ्रॉटलच्या मोजण्या) घ्या, मध्ये गार होऊ न देता. पहिला रन मित्रांना दाखवायला. तिसरा स्वतःसाठी, कारण गाडी तापल्यावर काय उरतं ते तिथं कळतं. जयसिंगपूरच्या गाडीचा तिसरा रन पहिल्यापेक्षा ४८ घोड्यांनी कमी आला. पोरगं म्हणालं, डायनोच खराब असंल.

तिसरं काम: उष्णता

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण फुकटातले घोडे सगळे इथंच लपलेले असतात.

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक हाताला गरम लागतं, तसंच. एप्रिलमध्ये आपल्याकडे ३५ अंशांची हवा ब्लोअरमध्ये शिरली आणि बूस्ट १० पीएसआय असेल, तर बाहेर पडताना ती १०० अंशांच्या पुढं जाते. गरम हवा विरळ असते. त्याहून वाईट म्हणजे कॉम्प्युटर ते तापमान वाचतो आणि नॉकिंगच्या भीतीनं स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद घटते. एकाच उष्णतेचे दोन फटके बसतात.

तालमीत पैलवानाला खुराक वाढवला की थंडाईही वाढवावी लागते. इथली थंडाई म्हणजे इंटरकूलर. बहुतेक मसल गाड्यांत ब्लोअरच्या खाली पाण्याचा इंटरकूलर असतो, पुढं ग्रिलमागे त्याचा वेगळा रेडिएटर असतो, आणि पाणी फिरवायला एक छोटा इलेक्ट्रिक पंप. इंजिनाच्या कूलंटशी याचा संबंध नसतो. हा पंप बंद पडला तर डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. गाडी चालते, फक्त मरगळते.

मी काय केलं ते सांगतो. इग्निशन चालू केलं, लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक पंपाच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. पंप चालत असेल तर पातेल्यात पाणी उकळायला लागण्याआधी येतो तसा बारीक गुणगुणाट ऐकू येतो. इथं काहीच नाही. फ्यूज ठीक, रिले ठीक. मग कनेक्टर ओढला तर पिना हिरव्या शेवाळासारख्या. आधीच्या मालकानं तो बंपरखाली उघडाच सोडला होता, आणि आपला पावसाळा कुणाला सोडतो का? पिना घासल्या, नवा सीलबंद कनेक्टर लावला. पंप गुणगुणला, तरी तापमान उतरेना. ही मात्र माझी घाई: पाणी भरताना हवा नीट काढली नव्हती. नाक वर करून गाडी उभी केली, टाकीचं झाकण उघडं ठेवून अर्धा तास पंप चालवला, तेव्हा बुडबुडे थांबले.

त्यानंतर तिसऱ्या रनला इंटरकूलरनंतरची हवा ७८ अंशांवरून ५४ वर आली. घोडे पहिल्या रनच्या जवळ पोचले. खर्च एका कनेक्टरचा.

नवख्या माणसानं उष्णतेसाठी क्रमानं करायचं ते असं. पंप चालतोय का, ते कानानं ऐका. लूपमधली हवा पूर्ण काढा. रेडिएटरच्या पंखांत अडकलेले किडे आणि चिखल धुवा, पण प्रेशर वॉशरनं नव्हे, पंख वाकतात. मग पाणी. कंपनी थंडीत गोठू नये म्हणून निम्म्याच्या आसपास ग्लायकॉल घालते. भाच्याच्या मिशिगनला त्याशिवाय इलाज नाही, तिकडं हिवाळ्यात इंटरकूलर फुटेल. कोल्हापुरात काही गोठत नाही. साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून आपल्याकडे डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंज रोखणारं द्रव्य एवढं पुरतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी मात्र घालू नका, क्षार बसून बारीक नळ्या बुजतात. यानंतर पैसे उरलेच तर मोठा पुढचा रेडिएटर आणि जास्त पाणी फेकणारा पंप.

हवेचं तापमान ६० वरून ४५ वर आणलं तर हवा जवळजवळ पाच टक्क्यांनी घट्ट होते. पाचशे घोड्यांच्या इंजिनाला हे वीस-पंचवीस घोडे झाले, आणि टायमिंग परत मिळतं ते वेगळंच. अमेरिकेत डॉजनं २०१८ च्या डीमनमध्ये तर गाडीच्या एसीचा गारवाच इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवला होता. कंपनीच्या इंजिनीअरांना एवढा खटाटोप करावासा वाटला, यावरून काय ते समजा.

चौथं काम: पेट्रोल

नवख्यांची सर्वांत महागडी चूक इथं होते. माझीही झालीय.

पंपावरचं ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग सोसायची ताकद. पण अमेरिकेतला ९१ आणि आपला ९१ एक नव्हे. आपण आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीनं मोजतो. अमेरिकेत आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) यांची सरासरी पंपावर लिहितात. तिकडचा ९१ म्हणजे आपल्या मापात ९५-९६, आणि तिकडचा ९३ म्हणजे ९७-९८. काही वर्षांपूर्वी एका गाडीत मालकानं अमेरिकेतून ई-मेलनं आलेली '९३'ची फाइल (कॉम्प्युटरच्या ट्यूनिंगची) टाकून आणली होती. टाकीत होतं साधं पेट्रोल, त्या वेळचं ९१ आरओएन. मी विचारलं नाही. पंधरा दिवसांत गाडी निळा धूर काढत आली. इंजिन उतरवलं तर दोन पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटून पडलेली, बोट लावलं तर तुकडा हातात. तेव्हापासून गाडी आत घेताना किलोमीटरच्या आधी पेट्रोल कुठलं ते लिहून घेतो.

आता आपल्याकडे सर्वसाधारण पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉलचं मिश्रण, आणि सरकारच्या सांगण्याप्रमाणे त्याचा आरओएन ९५. ज्यांना अजून हवं त्यांच्यासाठी इंडियन ऑइलनं २०२० मध्ये एक्सपी१०० आणलं, पण ते मोजक्याच पंपांवर मिळतं. ट्यूनिंग त्यावर करायचं तर ते आपल्याला कायम मिळणार का, हे आधी बघा. बेळगावला गेलात, पेट्रोल संपलं आणि जवळच्या पंपावर ते नाही, मग काय कराल?

इथेनॉलला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे, तीही साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात. बूस्टवाल्या इंजिनाला मात्र इथेनॉल मानवतं. त्याचं ऑक्टेन जास्त, आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषतं. डॉजनं २०२३ मध्ये डीमन १७० आणली, ती १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ९०० हॉर्सपॉवर द्यायची आणि ८५ टक्के इथेनॉलच्या इंधनावर १,०२५. इंजिन तेच, पुली तीच.

पण इथेनॉलची भूकही मोठी. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रण वजनानं आठ-नऊ टक्के जास्त लागतं. पाचशे घोड्यांचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला तीन लिटरच्या आसपास पितं, म्हणजे दर २० सेकंदाला गोकुळच्या दुधाची एक लिटरची पिशवी. ते पुरवायला पंप आणि इंजेक्टर तयार आहेत का? लॉगमध्ये इंजेक्टरची ड्यूटी (तो किती वेळ उघडा राहतो ते) ८५ टक्क्यांच्या वर जात असेल किंवा वरच्या आरपीएमला रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब पडत असेल, तर आधी मोठे इंजेक्टर आणि पंप घाला, बाकी सगळं नंतर. पंपाची वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि चांगला पंपही कमी पेट्रोल देतो. हे मल्टिमीटरनं पाच मिनिटांत कळतं.

आणि पावसाळ्यात गाडी चार महिने झाकून ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, आणि पंप तळाचंच ओढतो.

पाचवं काम: श्वास आणि ठिणगी

हे थोडक्यात. एअर फिल्टर इंजिनाच्या गरम कप्प्यातून हवा घेत असेल तर तो कितीही भारी कंपनीचा असो, तोटाच. ग्रिलमागून किंवा फेंडरमधून बाहेरची हवा घ्या. एक्झॉस्ट मोकळा केला तर फायदा होतो, पण आवाज आणि ताकद यांचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून टाका म्हणणाऱ्याचं ऐकू नका. रस्त्यावरच्या गाडीतून तो काढणं बेकायदा आहे, आणि पीयूसीला अडकाल ते वेगळं.

स्पार्क प्लग बूस्टसाठी एक पायरी 'थंड' (उष्णता लवकर सोडणारे) घ्या आणि गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. दाबाखाली ठिणगीला मोठी उडी जमत नाही, मग इंजिन वरच्या आरपीएमला अडखळतं आणि लोक पेट्रोलला दोष देतात.

सहावं काम: ट्यूनिंग

वरची सगळी कामं झाल्यावरच कॉम्प्युटरला हात लावायचा. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) हवाच. त्यावर लॅम्डा वाचायला शिका, १४.७ वगैरे आकड्यांच्या मागे लागू नका, कारण इथेनॉल मिसळलं की ते आकडे सरकतात. लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोलचा हिशेब चोख. पूर्ण बूस्टवर ०.७८ ते ०.८२ या पट्ट्यात राहावं, जादा पेट्रोल आतली उष्णता पितं.

टायमिंग एकेका अंशानं वाढवा. एक अंश, एक रन, लॉग बघा. नॉक सेन्सर कुठल्या सिलिंडरचं टायमिंग मागे ओढतोय ते पाहा. अंश वाढवूनही ताकद वाढेनाशी झाली की दोन अंश मागे या आणि तिथंच ठेवा, नॉकिंग ऐकू येत नसलं तरी. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला पाक तारेवर आला की जाळ लगेच कमी करायला लावतो. अजून दोन मिनिटं बघूया, असं तो म्हणत नाही.

लॉगमध्ये किमान एवढं हवं: आरपीएम, बूस्ट, इंटरकूलरनंतरचं तापमान, लॅम्डा, स्पार्क, नॉकमुळे मागे घेतलेले अंश, रेलचा दाब, इंजेक्टरची ड्यूटी. ट्यूनर दूर असेल आणि फाइल ई-मेलनं पाठवत असेल, तर त्याला शहराची उंची, उन्हाळ्यातलं तापमान आणि पेट्रोलचा आरओएन लिहून कळवा. तो विचारत नसेल तर ट्यूनर बदला. हे रन डायनोवर घ्या. कोल्हापुरात मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे हे खरं, पण तो कार्टचा, मस्टँगच्या पूर्ण थ्रॉटलचा नव्हे.

सातवं काम: आता पुली

हिशेब सोपा आहे. क्रँकच्या पुलीच्या व्यासाला ब्लोअरच्या पुलीच्या व्यासानं भागा. समजा क्रँकची ७.५ इंच आणि ब्लोअरची ३ इंच, म्हणजे अडीच पट. इंजिन ६,५०० आरपीएमला असताना ब्लोअर १६,२५० ला फिरतो. २.७५ इंचाची पुली घातली तर तो १७,७०० च्या वर जातो, म्हणजे नऊ टक्के जास्त. आता तुमच्या ब्लोअरच्या कंपनीनं दिलेली कमाल फिरकी काढून बघा. त्या आकड्याच्या पुढं गेलात तर ब्लोअर हवा कमी आणि उष्णता जास्त बनवू लागतो, बेअरिंगं मरतात ती वेगळी.

फायदा किती, तेही आधी कागदावर काढता येतं. बूस्ट ८ वरून ११ पीएसआय झाला, तर आपल्या उंचीवर एकूण दाब २१.७ वरून २४.७ होतो, साधारण १४ टक्के वाढ. हे आदर्श. प्रत्यक्षात त्यातून वाढलेली उष्णता वजा करा, आणि ब्लोअर फिरवायला लागणारी ताकद वजा करा. ती थोडी नसते. हेलकॅटच्या ७०७ हॉर्सपॉवरच्या इंजिनात ब्लोअरच पूर्ण वेगाला ८० च्या आसपास हॉर्सपॉवर खातो.

बसवताना पुली हातोड्यानं ठोकणारे मी पाहिलेत. ब्लोअरच्या शाफ्टचं बेअरिंग तिथंच संपतं. प्रेसफिट असेल तर पुलर आणि इन्स्टॉलरच वापरा, स्क्रूच्या हबवर असेल तर दिलेल्या टॉर्कनं आवळा. पट्ट्याची लांबी बदलते, तेव्हा नवा पट्टा सोबतच मागवा. पुलीला पट्ट्याचा विळखा कमी पडत असेल तर जादा आयडलर (पट्टा वळवणारं मोकळं चाक) लागतो. आणि पुली बदलल्यावर जुनी फाइल चालवायची नाही, पहिल्या स्टार्टच्या आधी नवीन फाइल टाकायची. सहावं काम इथं पुन्हा एकदा सुरुवातीपासून.

पाचशे किलोमीटरनंतर

पट्ट्याचा ताण तपासा, नवा पट्टा सैलावतोच. इंटरकूलरच्या टाकीतलं पाणी बघा. आणि आठही प्लग काढून वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमानं मांडा. भिंग घेऊन पांढऱ्या पोर्सेलीनकडे बघा. मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा चंदेरी कण दिसले तर ते ॲल्युमिनियम आहे, म्हणजे पिस्टन झिजतोय आणि त्या सिलिंडरमध्ये नॉकिंग होतंय, सेन्सर काहीही म्हणो.

जयसिंगपूरच्या गाडीला छोटी पुली आम्ही दिवाळीनंतर बसवली, हवा गार झाल्यावर. पाचशे किलोमीटरला सात नंबरच्या प्लगवर ठिपके निघाले. दोन अंश टायमिंग मागे घेतलं, डायनोवर नऊ घोडे गेले. पोरगं पाच मिनिटं गप्प बसलं, मग म्हणालं, "चालतंय." काढलेली मोठी पुली त्यानं फेकली नव्हती, तुम्हीही फेकू नका. यंदा मार्च संपता संपता तो ती परत घालून घ्यायला आला, मोठ्या पुलीची फाइल पेन ड्राइव्हमध्ये घेऊन. छोटी पुली पुन्हा माझ्या फळीवर आहे, त्याच बबल पॅकमध्ये.